लोण्यासारखा लेप

स्टीलच्या भांड्यात टप्पकन काहीतरी पडलं आणि सगळा हॉल एका आवाजात म्हणाला, "निघालं."

भांड्यात पडलं होतं ते काळं, वाळकं, बोटभर लांब, आणि त्याला खाली दोन-तीन धागे लोंबत होते. ज्याच्या गालातून ते चिमट्याने ओढून काढलं तो म्हातारा खुर्चीचे हात घट्ट धरून बसला होता. त्याच्या गालाला आता असा खड्डा पडला होता की आतली दाढ दिसेल की काय असं वाटावं. पण खड्ड्याकडे बघतंय कोण? सगळ्यांचे डोळे भांड्याकडे. पुढच्या बाकावरच्या बायका हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसत होत्या. मागचे लोक बाकांवर चढले होते. म्हाताऱ्याची सून तर भांड्यासमोरच हात जोडून उभी राहिली.

हॉल म्हणजे बंद पडलेल्या टायरच्या दुकानाचा मागचा भाग. जिथे पूर्वी टायर रचलेले असत त्या लोखंडी मांडण्यांवर आता काचेच्या बरण्या होत्या. प्रत्येक बरणीत पाणी, पाण्यात एक काळं मूळ, आणि बाहेर चिठ्ठी. एक पिकल्या केसांचा काका टेबलाशी बसून सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या लिहायचा. त्याने लिहिलं, "गाल, उजवा. सव्वीस दिवस. क्रमांक एकशे चोवीस."

आणि मधोमध उभे होते मूळकाढे. पाळण्यातलं नाव काय असेल ते असो, लोक त्यांना मूळकाढेच म्हणत. पांढरा डगला, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, हातात लाकडी चमचा, समोर चिनीमातीचं झाकणवालं भांडं. आवाज असा की ऐकणाऱ्याला झोपही यावी आणि भीतीही वाटावी.

"कॅन्सर म्हणजे काय?" मूळकाढे विचारत, आणि उत्तर स्वतःच देत. "झाड आहे झाड. डॉक्टर काय करतो? फांद्या छाटतो. छाटलं की झाड आणखी फुटतं. मी मूळ काढतो. आणि माझा हा लेप फार हुशार आहे, बाळांनो. निरोगी मांसाला लोण्यासारखा. काही करणार नाही. रोगट मांस दिसलं की मात्र खायला उठतो. त्याला डोळे आहेत."

ऐकलंत? लेपाला डोळे. हॉलमध्ये अडीचशे माणसं होती आणि त्यांतल्या प्रत्येकाला दोन डोळे होते, पण बघायचं काम त्यांनी लेपावर सोपवलं होतं.

त्या अडीचशेत तिसऱ्या बाकावर रेडिएटर मिस्त्री आणि त्याची बायको बसली होती. मिस्त्रीचं वर्कशॉप दोन गल्ल्या सोडून. ट्रकचे, बसचे, ट्रॅक्टरचे गळके रेडिएटर त्याच्याकडे येत आणि कोरडे होऊन जात. बायको घरी शाळेचे गणवेश शिवायची. तिच्या डाव्या छातीवर तीन पदरी पट्टी होती आणि पट्टीखाली लेप होता. तिचं मूळ पुढच्या गुरुवारी निघायचं होतं. ती डाव्या हाताला उजव्या हाताने आधार देऊन बसली होती, आणि बरण्यांकडे न बघता जमिनीकडे बघत होती.

मिस्त्री तिच्या कानाशी लागला, "बघितलंस? एका झटक्यात."

तिने डाव्या हाताचा आधार जरा वर सरकवला.

आता हे दोघं इथे आले कसे, ते सांगितलं पाहिजे.

सहा महिन्यांपूर्वी आंघोळ करताना बायकोच्या हाताला डाव्या छातीत गाठ लागली. हरभऱ्याएवढी. दुखत नव्हती, सरकत नव्हती. दुसरी एखादी असती तर महिनाभर कुणाला सांगितलं नसतं. हिने दुसऱ्याच दिवशी मशीन बंद केलं आणि आरोग्य केंद्र गाठलं. नर्सने हात लावून बघितलं, चिठ्ठी लिहून दिली आणि बजावलं की मोठ्या दवाखान्यात जा, फोटो काढतील, सुई घालून इवलासा तुकडा काढतील, तपासतील. काही नसलं तर सुटलात, असलं तर एवढ्याशा गाठीला औषध आहे. याच आठवड्यात जा, असं दोनदा सांगितलं.

म्हणजे बघा, बाईने सगळं बरोबर केलं होतं. वेळेत हात लागला, वेळेत दाखवलं, चिठ्ठी मिळाली. घरातला एक माणूस शहाणा निघाला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मला लिहावी लागली नसती.

चिठ्ठी मिस्त्रीने वाचली आणि तो 'सुई' या शब्दाशी अडला. तीस वर्षं त्याने एकच काम केलं होतं. रेडिएटरच्या टाकीत हवा भरायची, पाण्याच्या हौदात बुडवायची, बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. त्या कामाचा पहिला नियम त्याच्या उस्तादाने त्याला कानशिलात वाजवून शिकवला होता: जी टाकी धरून आहे तिला टोचायचं नाही. टोचलीस की आतला दाब त्या भोकातून बाहेर येणार आणि मग गळती कुठवर जाईल ते तुझा बाप सांगू शकणार नाही.

"गाठ आहे तिथे गप्प बसलीय ना?" तो बायकोला म्हणाला. "सुई घातली की आतलं सगळं अंगभर पसरेल. टोचायचं नाही."

बायकोने दोनदा सांगून पाहिलं की नर्स असं म्हणत नव्हती. पोरगी कॉलेजात शिकत होती, तिने तर पुस्तक आणून दाखवलं. मिस्त्रीने पुस्तक बंद करून तिच्या हातात दिलं आणि तू कालची पोर मला दाब शिकवू नकोस म्हणून तिला गप्प केलं. खरं सांगायचं तर तो घाबरला होता. त्या भीतीला त्याने अनुभव असं नाव दिलं होतं. घाबरलेला पुरुष घरात मोठ्या आवाजात बोलतो, आणि मोठ्या आवाजापुढे बाई किती दिवस टिकणार?

मग एका ट्रकवाल्याने मूळकाढेंचं नाव सांगितलं. सुई नाही, सुरी नाही. मिस्त्रीला हवं होतं तेच. शिवाय हॉलवाल्यांची त्याची जुनी ओळख होती. तो चिठ्ठीवाला काका दोन वर्षांपासून दर महिन्याला त्याच्या वर्कशॉपात यायचा.

पहिले साडेतीन महिने मूळकाढेंनी लेप लावलाच नाही. नुसतं तेल चोळायला दिलं. म्हणाले, मूळ विखुरलेलं आहे, आधी गोळा होऊ दे, पिकू दे. तीही पिकत गेली, बिचारी गाठ. हरभऱ्याची सुपारी झाली, सुपारीचं लिंबू झालं. मूळकाढे दर गुरुवारी चाचपून बघत आणि खूश होऊन म्हणत, "छान गोळा होतंय." नवरा-बायको दोघं खूश होऊन घरी येत. कॅन्सर वाढला म्हणून आनंद मानणारी माणसं तुम्ही पाहिली नसतील. तो हॉल अशा माणसांनी भरलेला असे.

मग लेप. आधी खरखरीत कापडाने कातडी लाल होईस्तोवर घासायची, 'वाट मोकळी' करायला. मग लाकडी चमच्याने लेप थापायचा आणि पट्टी. पहिल्या रात्रीपासून आग सुरू झाली. बायको उशी दातात धरून पडून राहायची. दिवसा मशीनवर बसली तर पायडल मारताना प्रत्येक हिसक्याला तिचा जीव कळवळायचा. शेवटी गणवेशाचं काम परत केलं. पोरीने परीक्षा सोडली आणि आईच्या पट्ट्या धुवायला लागली. आईची धाकटी बहीण दोन दिवसांआड येऊन स्वयंपाक करून जायची. घरातलं कुणी कुणाशी बोलेनासं झालं, कारण बोलायला गेलं की एकच विषय निघायचा. मिस्त्री एकटा बोलायचा. आग होतेय म्हणजे लेप रोगाला खातोय, म्हणायचा. निरोगी मांस असतं तर लोण्यासारखा बसला असता.

पुढच्या गुरुवारी तिचं मूळ निघालं. काळं, तळहाताएवढं. हॉल उठून उभा राहिला. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला म्हणतात तो कसा पडतो ते त्या दिवशी त्याला कळलं. तो तिथेच गुडघ्यांवर बसून लहान मुलासारखा रडला. काकाने चिठ्ठी लिहिली, "छाती, डावी. क्रमांक एकशे सव्वीस." बायकोने फक्त एवढं सांगितलं की काखेतही एक गाठ लागतेय. मूळकाढेंनी हात लावून बघितलं नाही. ते मुळाचं पिल्लू आहे, आई गेली की आपोआप वाळेल, असं म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला खुर्चीत घेतलं.

आता वर्कशॉपात चला.

पत्र्याला किंवा तांब्याच्या नळीला डाख द्यायचा, म्हणजे सांधा कथलाने जोडायचा, तर नुसतं कथील चालत नाही. तापलेल्या लोखंडाने कथील टेकवलं तर त्याची गोळी होऊन ते घरंगळून जातं. त्यासाठी आधी सांध्याला एक पाणी लावावं लागतं. मिस्त्री ते स्वतः करायचा: ॲसिडमध्ये जस्ताचे तुकडे टाकायचे, बुडबुडे येऊन थांबले की ॲसिड मेलं. ते मारलेलं ॲसिड लावलं की कथील सांध्यात पाण्यासारखं धावतं. हे पाणी प्लास्टिकच्या बाटलीत ठेवायचं, लाकडी काडीने लावायचं आणि हातावर पडू द्यायचं नाही. मेलेलं असलं तरी मांस खातं. मिस्त्रीच्या दोन्ही हातांवर त्याच्या जुन्या खुणा होत्या. आधी पांढरी कडा, मग काळी खपली, आठ-दहा दिवसांनी खपली अख्खी निघून खाली खड्डा.

मूळ निघाल्याला तीन आठवडे झाले होते. जखम भरत नव्हती. पोरगी क्लासला गेली होती म्हणून त्या दिवशी पट्टी मिस्त्रीने स्वतः सोडली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. मूळकाढेंनी उरल्यासुरल्या रोगासाठी जखमेच्या कडेला पुन्हा लेप लावायला डबी दिली होती, आणि पोरगी तो लावत होती. मिस्त्रीने दिवा जवळ घेतला. जखमेला पांढरी कडा होती. कडेच्या आत काळी खपली.

त्याने स्वतःच्या मनगटावरची मागच्या आठवड्यातली खूण बघितली. मग बायकोची जखम. मग परत मनगट.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

काही नाही म्हणून तो डबी खिशात घालून तडक वर्कशॉपात गेला. तांब्याच्या नळीचा तुकडा घासून चकचकीत केला. त्यावर काडीने लेप फासला, लोखंड तापवलं, कथील टेकवलं.

कथील धावलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सुरेख, आरशासारखं. तीस वर्षांत त्याने इतका चांगला डाख क्वचित दिला असेल.

तो स्टुलावर बसला. आता त्याला चिठ्ठीवाला काका आठवला. दर महिन्याला प्लास्टिकची बाटली घेऊन येणारा. हॉलची पन्हळ गळतेय, डाख द्यायचाय, थोडं मेलेलं पाणी द्या. मिस्त्री भरून द्यायचा. दोन वर्षांत कोणती पन्हळ इतकी गळते, हे ज्याचा धंदाच गळती शोधायचा त्याच्या मनात एकदाही आलं नाही. उलट बायकोचा इलाज सुरू झाल्यापासून तो बाटली जरा जास्तच भरून द्यायचा, आणि काकाला सांगायचा की मूळकाढेंना माझा नमस्कार सांगा. त्या पाण्यात कसल्यातरी पाल्याची भुकटी कालवली की झाला हुशार लेप. बायकोला जाळत होतं ते त्याच्याच बाटलीतलं होतं.

तो उठला. मग त्याने डावी बाही वर केली, दंडावरची धडधाकट कातडी खरखरीत कापडाने घासली आणि उरलेला लेप थापून पट्टी बांधली. घरी येऊन पोरीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, रडली नाही की ओरडली नाही. ड्रॉवरमधून ती सहा-सात महिन्यांपूर्वीची नर्सची चिठ्ठी काढली. तिने ती जपून ठेवली होती.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आठवडाभर तपासण्या केल्या. सुईही घातली. मग त्यांनी तिघांना समोर बसवलं. लेपाने कातडी आणि गाठीचा वरचा भाग जाळला होता, खालचा तसाच वाढत राहिला होता. काखेत गेला होता. हाडांत गेला होता. यकृतात गेला होता.

"ही चिठ्ठी लिहिली तेव्हा आलो असतो तर?" मिस्त्रीने विचारलं. कुणी विचारलं नसतं तर बरं झालं असतं, पण त्याला ऐकायचंच होतं.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवरची तारीख बघितली. "हरभऱ्याएवढी असताना बहुतेक बायका बऱ्या होतात. आता मी त्रास कमी करू शकते."

"सुईने पसरला नसता?"

"नाही. सुईने फक्त कळलं असतं. पसरला तो वेळ गेला म्हणून."

बायको हे सगळं ऐकत होती. घरी येताना ती रस्त्यात एकदाच बोलली. म्हणाली, गुरुवारी मला हॉलमध्ये न्या.

गुरुवारी हॉल गच्च भरलेला. मिस्त्री सरळ पुढे गेला आणि त्याने टेबलावर एक बरणी ठेवली. त्याच्या दंडावरची खपली त्याच सकाळी निघाली होती: काळी, जाड, खाली धागे लोंबणारी. त्याने बाही वर करून खड्डा दाखवला. डाख दिलेली नळी दाखवली. लेप कशाचा आहे, बाटली कुठून येते, सगळं सांगितलं. चिठ्ठीवाल्या काकाने मान खाली घातली ती वर केली नाही. मिस्त्री म्हणाला, हा हात ठणठणीत होता. हे निरोगी मांसाचं मूळ आहे.

मूळकाढेंनी बरणी उचलली, उजेडात धरली, फिरवून बघितली. मग त्यांचा चेहरा करुणेने भरून आला.

"मिस्त्री," ते म्हणाले, "म्हणजे तुमच्या हातातही होता. आणि तुम्हाला पत्ता नाही. लेपाने तो शोधला. वाचलात तुम्ही."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या. एक बाई तर उठून मिस्त्रीच्या पाया पडायला आली, म्हणाली तुमचं नशीब थोर. खोटं उघडं पाडलं की माणसं शहाणी होतात असं तुम्हाला वाटत असेल तर त्या हॉलमध्ये यायला हवं होतं. ज्याच्या बापाचा गाल खड्ड्यात गेलाय त्याला ते खोटं खरंच असायला हवं असतं, नाहीतर तो घरी जाऊन आरशात बघणार कसा?

तेव्हा तिसऱ्या बाकावरून बायको उठली. चालायला तिला पोरीचा आधार लागला. टेबलाशी येऊन तिने चिनीमातीच्या भांड्याचं झाकण काढलं आणि लाकडी चमचा भरून घेतला. सावकाश, शिलाई करताना कापड सारखं करावं तसं.

"तुमची प्रकृती उत्तम आहे ना?" तिने विचारलं.

"देवाच्या दयेने," मूळकाढे म्हणाले.

"मग हातमोजा काढा. तुम्हाला तर तो लोण्यासारखा. मी लावते, आम्ही सगळे दहा दिवस इथेच बसतो."

मूळकाढे हसले. त्यांनी सांगायला सुरुवात केली की लेप खेळायची वस्तू नाही, त्याला मुहूर्त लागतो, सेवकाने स्वतःवर वापरला की त्याची शक्ती जाते. मागून कुणीतरी म्हणालं, लावा की, काय होतंय. आणखी दोघं-तिघं म्हणाले. त्यांना वाटत होतं आता आणखी एक चमत्कार बघायला मिळणार. भक्तच ते, त्यांनीच खिंडीत गाठलं. बायकोने पोरीचा हात सोडला, मूळकाढेंचं मनगट धरलं, हातमोजा खाली ओढला आणि चमचा टेकवायला गेली.

मूळकाढेंनी हात असा हिसडला की चमचा उडून बाकावर पडला. "वेडी आहेस का? जळेल ना हात."

सगळ्या हॉलने ऐकलं. मग पहिल्या बाकावरची एक म्हातारी आपल्या मानेवरची पट्टी सोडायला लागली आणि पाणी मागू लागली, धुवायला पाणी. मग दुसरा. मग सगळे. हॉलमध्ये एकच नळ होता. त्या नळाशी जी झुंबड झाली, जे रडणं झालं, ते मी लिहीत नाही. तेवढ्यात मूळकाढे मागच्या दाराने निघाले होते, पण दाराशी गालात खड्डा पडलेल्या म्हाताऱ्याची सून उभी होती. पोलीस आले तेव्हा त्यांना मूळकाढेंना तिच्या हातातून सोडवावं लागलं.

बरण्या दवाखान्यात गेल्या. एकशे एकतीस. डॉक्टरीणबाईंनी तपासायला लावल्या तेव्हा निम्म्याहून जास्त बरण्यांत कॅन्सर नव्हताच. चामखीळ, चरबीची गाठ, जुनं गळू, नुसतं धडधाकट मांस. ही माणसं बरी झाली, कारण ती आजारीच नव्हती. हीच दर गुरुवारी पुढे येऊन आपला अनुभव सांगत. आणि ज्यांना खरंच रोग होता ती कुठे होती? ती अनुभव सांगायला येऊ शकत नव्हती. मेलेला माणूस तक्रार करत नाही, एवढ्या एका गोष्टीवर तो सगळा चमत्कार उभा होता.

आता शेवटचं.

दवाखान्यात पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की घरातल्या बायकांनीही तपासून घ्या, सख्ख्या बहिणीने तर नक्कीच. धाकटी बहीण तपासून घ्यायला गेली. तिला स्वतःला काही लागत नव्हतं, पण फोटोत गाठ दिसली. हरभऱ्याएवढीसुद्धा नाही. सुई घातली, दोन आठवड्यांनी गाठ काढली, पुढचे उपचार ठरले. तिचं चांगलं होणार आहे असं डॉक्टरीणबाई स्वच्छ म्हणाल्या. ही बातमी ताईला सांगायची कशी, म्हणून धाकटी चार दिवस आलीच नाही. पाचव्या दिवशी आली तेव्हा ताई भिंतीकडे तोंड करून पडलेली. दुखणं औषधाने दबलेलं होतं. मिस्त्री पायथ्याशी बसून तिचे तळवे चोळत होता.

धाकटीने सगळं सांगितलं. ताईने तिच्याकडे वळून तिचा हात हातात घेतला. खूप वेळ धरून ठेवला.

"सुई घातली तेव्हा दुखलं का गं?" ताईने विचारलं.

धाकटीला खोटं बोलता आलं नाही. "मुंगी चावल्यासारखं. लगेच थांबलं."

"एवढंच?"

"एवढंच, ताई."

ताईने मिस्त्रीकडे बघितलं. रागाने नाही. राग असता तर त्याने तो आनंदाने झेलला असता. ती म्हणाली, "ऐकलंत ना." त्यानंतर ती पाच आठवडे जगली आणि या विषयावर पुन्हा ब्र काढला नाही.

मिस्त्रीचं वर्कशॉप चालू आहे. मेलेल्या पाण्याची बाटली तो आता कुलपात ठेवतो आणि कुणालाही देत नाही. गल्ल्याशेजारी त्याच्या दंडाच्या मुळाची बरणी आहे. ट्रकवाले, बसवाले विचारतात हे काय, तेव्हा तो बाही वर करून खड्डा दाखवतो आणि सगळं सांगतो, स्वतःची बाजू न घेता. परवा एक ड्रायव्हर ऐकून झाल्यावर हळूच म्हणाला की माझ्याही बायकोला गाठ लागलीय, पण दुखत नाही, म्हणून बघू पुढच्या महिन्यात. मिस्त्रीने हातातलं लोखंड खाली ठेवलं.

"दुखत नाही म्हणून तर आज न्यायचं," तो म्हणाला. "दुखायला लागेपर्यंत थांबू नको. कुणी लेप देईल, कुणी तेल देईल, कुणी हात फिरवून काढतो म्हणेल. त्याला सांग, आधी स्वतःच्या दंडावर लाव. आणि बायकोला सरळ दवाखान्यात ने. सुई घालू दे. मी तीस वर्षं टाक्या सांभाळल्या, धरून असलेली टाकी टोचायची नाही हे मला पक्कं माहीत होतं. बायको म्हणजे टाकी नाही, हे कळायला सात महिने लागले."

ड्रायव्हरचा रेडिएटर अजून हौदात होता. मिस्त्रीने तो तसाच राहू दिला, त्याच्या हातात स्वतःच्या स्कूटरची किल्ली ठेवली आणि सांगितलं की हे काम उद्या घेऊन जा, तू आधी घरी जा.